न्याहारीची भाकरी आणि गावचे दुकान

अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मैंदर्गी हे गाव लागते. अक्कलकोट तालुक्यातील तीन नगरपरिषदांपैकी एक येथे आहे. तथापि गावाचा संसार मुख्यतः शेतीवरच चालतो. भोवती काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि रब्बीची ज्वारी, तूर, हरभरा ही नेहमीची पिके. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने घरोघरी कन्नड व मराठी या दोन्ही भाषा नांदतात. वर्गातील एक मूल ज्वारीस ज्वारी म्हणते, तर शेजारचे तीस जोळ म्हणते. एकाची भाकरी ती दुसऱ्याची रोट्टी. एकाचा कांदा तो दुसऱ्याची उळ्ळागड्डी. शेंगा मात्र दोघांच्याही शेंगाच.

अशा गावात मूल सकाळी काय खाऊन शाळेत येते, याची चौकशी शिक्षकाने एकदा सहज करून पाहावी. चौकशी करताना कोणाचेही नाव फळ्यावर लिहू नये व उत्तरांवर टीका करू नये. अन्यथा मुले शिक्षकास आवडेल तेच उत्तर देतात. मोकळेपणाने उत्तरे आली, तर चहा व बिस्किटे, चहा व खारी, आणि वाटेत दुकानातून घेतलेली पाच रुपयांची पुडी हे पदार्थ वारंवार ऐकू येतात. भाकरी खाऊन आलेली मुलेही असतात. पण त्यांतील काही ते सांगताना संकोचतात. ज्या जिल्ह्याच्या मंगळवेढे येथील ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जिल्ह्यातील मुलास भाकरी खाल्ल्याचे सांगण्याची लाज वाटावी, ही गोष्ट शिक्षकाने हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या घरचे अन्न कमी प्रतीचे आहे असे ज्या मुलास वाटू लागते, त्यास ते पिकविणारा बाप आणि ते थापणारी आई यांविषयीही हळूहळू तसेच वाटू लागते.

ही समजूत एका दिवसात तयार झालेली नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात सोलापूरसारख्या जिल्ह्यांत ज्वारी दुर्मीळ झाली. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. आजच्या आजी-आजोबांच्या पिढीस त्याची चव अद्याप आठवते. पुढे स्वस्त धान्य दुकानांतून मुख्यत्वे गहू व तांदूळ मिळू लागला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील दर माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. या व्यवस्थेने असंख्य घरांतील उपासमार टळली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु जे धान्य फुकट मिळते ते चुलीवर आधी चढते, आणि जे विकत घ्यावे लागते ते मागे पडते. ज्वारीचे तेच झाले. शिवाय भाकरीस वेळ व हात लागतो. गव्हातील चिकट द्रव्य ज्वारीत नसल्याने तिचे पीठ ताणले जात नाही. ते कढत पाण्यात मळावे लागते, म्हणजे पिठातील पिष्ट फुगून त्यास थोडा चिकटपणा येतो. मग प्रत्येक भाकरी स्वतंत्र थापावयाची. पहाटे शेतमजुरीस निघणाऱ्या बाईकडून दहा-बारा भाकऱ्यांची अपेक्षा करणे व वर तिला आहाराचा उपदेश करणे, हे शाळेस शोभणारे नाही. चहा-बिस्किटांचा प्रश्न बराचसा आईच्या कामाचा प्रश्न आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढील विचार करावा.

आता धान्याच्या गुणांकडे वळू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतुमय भाग व ४ मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅमहून कमी आणि लोह १ मिलिग्रॅमहूनही कमी आढळते. कोंड्यासह दळलेली कणीक ज्वारीच्या बरोबरीस येते. म्हणून चपाती वाईट असे मुलांस सांगणे चुकीचे ठरेल. खरी तफावत मैद्याशी आहे. मैदा करताना गव्हाचा कोंडा व अंकुर काढून टाकला जातो, त्याबरोबर तंतू व लोहही बहुतांशी जाते; आणि बिस्किटे व खारी ही प्रामुख्याने मैद्याचीच असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. ती मुले आता शाळेच्या बाकांवर येऊन बसली आहेत. जे मूल तिसऱ्या तासाला डोके बाकावर टेकते, ते नेहमीच आळशी असते असे नाही.

असे असले तरी ज्वारीचा नुसता गौरव करून भागत नाही. येथे एक जुनी व महत्त्वाची हकीकत सांगितली पाहिजे. दख्खनच्या पठारावर जे गरीब मजूर जवळजवळ केवळ ज्वारीवरच जगत, त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग आढळे. या रोगात उन्हाचा मारा बसणारी मान, हात व पाय यांची त्वचा काळवंडून सोलते, जुलाब होतात व पुढे मनही भ्रमते. ‘ब’ गटातील नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे तो होतो. केवळ मक्यावर जगणाऱ्या लोकांचा तो रोग म्हणून जगात प्रसिद्ध होता. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले की, ज्वारीच्या प्रथिनांत ल्यूसीन हा घटक प्रमाणाबाहेर असल्याने नायसिनच्या उपयोगात बाधा येत असावी. कारणाच्या या तपशिलाबाबत शास्त्रज्ञांत पुढे मतभेद झाले. परंतु ज्वारी व मीठ-मिरची एवढ्यावरच दिवस काढणाऱ्यास ती पुरी पडत नाही, याविषयी मात्र दुमत नाही.

मग सोलापूरकडील शेतकरी पिढ्यान् पिढ्या भाकरीवर कसा जगला? याचे उत्तर त्याच्या ताटातच होते. भाकरीशेजारी शेंगांची चटणी होती. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे व मीठ उखळात कुटून ती करतात. कुटताना दाण्याचे तेल सुटते व चटणीस गोळाबंदपणा येतो. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, आणि जे नायसिन केवळ ज्वारी खाणाऱ्यास कमी पडते, तेच शेंगदाण्यात भरपूर असते. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी. तो तूर, मूग, हरभरा यांच्या डाळींत मुबलक. म्हणून भाकरीबरोबर आमटी अथवा पिठले. दह्या-ताकाची वाटी उरलेली उणीव भरून काढते. ज्यांनी ही सांगड घातली त्यांस जीवनसत्त्वाचे नावही ठाऊक नव्हते, पण कशाबरोबर काय खाल्ले असता अंगी लागते हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

कांद्याचीही गोष्ट अशीच आहे. धान्यातील लोह फायटेट नावाच्या द्रव्याने जखडलेले असते, त्यामुळे त्यातील थोडेच शरीरात शोषले जाते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, धान्य व डाळींबरोबर कांदा अथवा लसूण असल्यास त्यांतील लोह व जस्त अधिक प्रमाणात मोकळे होते. हे प्रयोग प्रयोगशाळेत पचनक्रियेची नक्कल करून केलेले होते, एवढे शिक्षकाने मनात ठेवावे. लिंबाचा उपयोग तर निर्विवाद आहे. त्यातील ‘क’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. चहा मात्र नेमके उलट करतो. म्हणजे ज्या मुलाची न्याहारी भाकरी, चटणी, फोडलेला कांदा व लिंबाची फोड अशी असते, त्यास भाकरीतील लोह मिळण्याचा संभव वाढतो. आणि जे मूल तीच भाकरी चहात बुडवून खाते, ते आपल्या हाताने आपला वाटा कमी करते. पालकसभेत आहारावर एकच गोष्ट सांगण्यास वेळ असेल, तर ही सांगावी: मुलास जेवणाबरोबर चहा देऊ नये. तीस खर्च नाही व आईचे कामही वाढत नाही.

चटणीविषयी दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर बुरशी धरते व तीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. भाजल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा कुटण्यापूर्वीच वेचून टाकावा. मुले हे काम आनंदाने करतात, आणि निरीक्षणाचा पाठही त्यातच होतो. दुसरे मिठाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत, मीठ खावे. मुलांस त्याहून कमी पुरे. घरची चटणी आहे म्हणून ती खारट असली तरी चालते, असे नाही.

आईच्या श्रमांचा जो प्रश्न वर आला, त्याचे एक उत्तर या जिल्ह्यानेच दिले आहे, ते म्हणजे कडक भाकरी. ज्वारीची अथवा बाजरीची पातळ भाकरी मंद आचेवर पूर्ण सुकेपर्यंत भाजली की ती पापडासारखी होते व कोरड्या जागी कित्येक दिवस टिकते. सोलापूर शहरात व जिल्ह्यात अनेक स्त्रियांनी यावर आपला प्रपंच उभा केला आहे. बचत गटांच्या मार्फत अशा भाकऱ्या व चटण्या दूरवर जातात. सकाळी घाई असलेल्या घरी कडक भाकरीचा चुरा, दही व चटणी ही पाच मिनिटांची न्याहारी होते. ती भाकरी शेजारच्या बाईकडून विकत घेतली, तर एका घरचे काम हलके होते व दुसऱ्या घरी चार पैसे येतात.

येथून विषय गावच्या दुकानाकडे येतो, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. पाच रुपयांची पुडी मुलाच्या हाती कोण देतो? गावचाच दुकानदार. मग त्याच्या दुकानास आधार द्या असे शाळेने कोणत्या तोंडाने सांगावे? याचा विचार रागाने करू नये. दुकानदार जे खपते ते ठेवतो. पुडीस मापावे लागत नाही, तिला कीड लागत नाही, ती दोरीस टांगली की आपोआप विकली जाते. शेंगदाणे, गूळ, फुटाणे मोजून द्यावे लागतात. उरले तर खराब होतात. मागणी नसेल तर ते कोणी का ठेवावे? मात्र शाळेपुरता कायदा स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार चरबी, साखर अथवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत विद्यार्थ्यांस विकता येत नाहीत. मुख्याध्यापकांनी हे दुकानदारास शांतपणे सांगावे, आणि त्याच भेटीत फुटाणे, शेंगदाणे, चिक्की ठेवल्यास शाळा मुलांस ते घेण्यास सांगेल, असेही सुचवावे. नुसती बंदी घेऊन गेलेला शिक्षक दुकानदाराचा शत्रू होतो. गिऱ्हाईक घेऊन गेलेल्या शिक्षकाचे ऐकले जाते.

गावच्या दुकानाचे खरे महत्त्व त्याच्या उधारीच्या वहीत असते. पेरणीपासून सुगीपर्यंत शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते. त्या महिन्यांत तेल, मीठ, साबण, आणि आजारपणात साबुदाणाही दुकानदार वहीवर लिहून देतो, आणि तुरीचा पैसा येईपर्यंत थांबतो. हे थांबणे त्याच्या भांडवलातून होते. परंतु पैसा हाती आला की तीच कुटुंबे मोटारीने मोठ्या गावी जाऊन महिन्याचा बाजार एकदम भरतात, कारण तेथे भाव थोडा कमी असतो. रोख खरेदी शहरात आणि उधारी गावात, असा व्यवहार चालू राहिला तर वही भरत जाते व दुकान रिकामे होत जाते. आणि ज्या वर्षी पाऊस जातो, त्या वर्षी शहरातील मोठे दुकान वहीवर काही देत नाही. यावरून गावचा दुकानदार म्हणेल तो भाव द्यावा असे सुचवावयाचे नाही. वजनात मारणारा, जुना माल खपविणारा दुकानदार गावचा असला तरी त्यास जाब विचारलाच पाहिजे. गावातील खरेदीचा फायदा हाच की, तेथे जाब विचारता येतो. विकणारा उद्याही समोर भेटणार असतो.

शाळेची स्वतःचीही खरेदी असते, हे पुष्कळदा विसरले जाते. शालेय पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले, आणि २०२१ पासून योजनेस प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण हे नाव मिळाले. प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल हे तिचे प्रमाण आहे. त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. यातील धान्य बाहेरून येते, पण भाजी बहुधा गावातच घ्यावी लागते. साठ मुलांच्या शाळेस दररोज ३ किलो भाजी लागते, हा हिशेब चौथीच्या मुलांकडूनच करवून घ्यावा. ही ३ किलो भाजी आठवडाभर बटाटेच असावी, की मेथी, शेपू, शेवगा, भोपळा अशी आळीपाळीने असावी, आणि ती गावातील भाजीवालीकडून घ्यावी की कसे, हे ठरविणे शाळेच्या हाती आहे.

गणिताच्या तासास दुसरेही उदाहरण उपयोगी पडते. समजा, एका पुडीवर निव्वळ वजन १२ ग्रॅम व किंमत ५ रुपये छापली आहे. मग किलोस सुमारे ४१७ रुपये पडले. त्याच दिवशी गावच्या दुकानात शेंगदाण्याचा किलोचा भाव काय, तो मुलांनी स्वतः विचारून यावे व पाच रुपयांत किती ग्रॅम दाणे येतील ते काढावे. शिक्षकाने निष्कर्ष सांगू नये. उत्तर काढलेल्या मुलास तो सांगावा लागत नाही, आणि सांगितलेला निष्कर्ष मुले फाटकाबाहेर पडताच विसरतात. पुडीवरील बारीक अक्षरांतील मीठ व साखरेचे आकडेही मोठ्याने वाचून घ्यावेत; भाषेच्या तासास तेवढाच नवा उतारा मिळतो.

उरला कृतज्ञतेचा भाग. जेवणापूर्वी श्लोक म्हणण्याची चाल पुष्कळ शाळांत आहे व ती चांगली आहे. पण रोज एकाच सुरात म्हटलेल्या शब्दांकडे मुलांचे लक्ष राहत नाही. आठवड्यातून एक दिवस त्याऐवजी ताटातील एका पदार्थाचा माग काढावा. आजची आमटी. तूर कोणाच्या शेतातली असू शकेल? तिची डाळ कोठे झाली? पोती कोणी उचलली? फोडणीचे तेल कोणी विकले? शिजविले कोणी, आणि त्या बाई किती वाजता उठल्या? शेवटचा प्रश्न त्यांनाच जाऊन विचारावा. या भागात बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या परंपरेतील कायक व दासोह हे दोन शब्द अनेक घरांत परिचित आहेत: श्रम हीच पूजा, आणि श्रमाने मिळालेले वाटून खाणे. ज्या मुलांच्या घरी हे शब्द आहेत, त्यांस ते इतरांना समजावून सांगण्यास सांगावे. ज्यांच्या घरी नाहीत, त्यांच्या घरी याच अर्थाचे दुसरे काही असतेच, तेही ऐकावे.

या सर्वांसाठी वर्षातील सर्वांत अनुकूल वेळ मार्गशीर्षातील वेळ अमावास्येची होय. सोलापूर, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे कलबुर्गी, बीदर, विजयपूर या भागांत ती साजरी होते. कन्नडमध्ये तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ, आणि मराठीतील ‘वेळ’ हा त्याचाच बदललेला उच्चार मानला जातो. त्या दिवशी घरे सोडून माणसे शेतात जातात. कडब्याची खोप करून तीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात व उभ्या पिकाची पूजा करतात. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे व पालेभाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातील आंबील असे जेवण असते. वर ज्या गुणांची चर्चा केली ते बहुतेक सर्व त्या एका पानात येतात. ज्यास शेत नाही त्यासही आग्रहाने बोलावण्याची रीत आहे. वर्ग त्या दिवशी बहुधा ओसच असतो, आणि त्याबद्दल मुलांस रागावू नये.

दुसऱ्या दिवशी मुलांकडून वहीत तीन रकाने आखून घ्यावेत: शेतातले, दुकानातले, आणि दुसऱ्याने दिलेले. कालच्या जेवणातील प्रत्येक जिन्नस योग्य रकान्यात लिहावा. मीठ व गूळ दुकानाच्या रकान्यात जातील; ताक कदाचित शेजारच्या घरचे निघेल. शेत नसलेल्या मुलाचा तिसरा रकाना सर्वांत लांब भरतो, म्हणून वाचन त्याच्यापासून सुरू करावे. जिन्नसांची नावे ज्यास कन्नडमध्ये लिहावीशी वाटतील, त्यास तशी लिहू द्यावीत व शेजारच्याने ती मराठीत सांगावीत.